वाचकांचे प्रश्न : डोमेनचं कुलूप आणि त्याची चावी

डोमेन नावांच्या सुरक्षेबद्दल आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्न यावेळी घेतले आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि पत्रलेखकांची नावं गाळली आहेत.

प्रश्न : आमचं डॉट कॉम नाव बरीच वर्षं आमच्याकडे आहे. मुलाने इंटरनेटवर त्याची नोंद काढली तर 'स्टेटस'समोर 'क्लायंट ट्रान्सफर प्रोहिबिटेड' असं आलं. आमच्यावर कुणी बंदी घातली आहे का? (मसाले उत्पादक, सांगली)

बंदी आहे, पण ती तुमच्याच भल्याची. यालाच रजिस्ट्रार लॉक म्हणतात; रजिस्ट्रार म्हणजे जिच्याकडून तुम्ही नाव घेतलं ती कंपनी. नाव एका रजिस्ट्रारकडून दुसऱ्याकडे न्यायची मागणी आली की डॉट कॉमची मूळ नोंदवही सांभाळणाऱ्या व्हेरिसाइनची यंत्रणा आधी ही ओळ बघते. ओळ असली तर मागणी जागच्या जागी परत जाते. ओळ नसून नुसतं 'ओके' दिसत असेल तर मात्र काळजी करा.

या ओळीला महत्त्व आलं ते १२ नोव्हेंबर २००४ पासून. त्या दिवशी आयकॅनचे, म्हणजे डोमेन नावांचे जागतिक नियम ठरवणाऱ्या संस्थेचे, ट्रान्सफरचे नवे नियम लागू झाले. तोवर मालकाने उत्तर दिलं नाही, या सबबीवर जुना रजिस्ट्रार मागणी फेटाळत असे आणि गिऱ्हाईक अडकून पडत असे. नव्या नियमात उलटं झालं : पाच दिवसांत नकार आला नाही की होकार धरायचा. गिऱ्हाइकाची सुटका झाली, पण सुट्टीवर असलेल्या माणसाचं नाव गुपचूप हलवणंही सोपं झालं. म्हणून आता बहुतेक रजिस्ट्रार हे लॉक पहिल्या दिवसापासून लावूनच देतात.

नोंद बघायला लुकअप डॉट आयकॅन डॉट ऑर्ग ही जागा पुरेशी आहे. पैसे पडत नाहीत, लॉगिन लागत नाही. तिथे तुम्हाला 'क्लायंट'ने सुरू होणाऱ्या कुलपाच्या तीन मुख्य ओळी दिसू शकतात. 'ट्रान्सफर प्रोहिबिटेड' म्हणजे दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेता येणार नाही. 'अपडेट प्रोहिबिटेड' म्हणजे नेमसर्व्हर (तुमची साइट आणि मेल कुठे आहेत ते सांगणारे सर्व्हर) किंवा मालकाची माहिती बदलता येणार नाही. 'डिलीट प्रोहिबिटेड' म्हणजे नाव खोडता येणार नाही. बरेच रजिस्ट्रार फक्त पहिली ओळ लावतात. दुसरी मिळत असेल तर जरूर मागून घ्या. नेमसर्व्हर बदलायच्या दिवशी ती आधी काढावी लागेल, एवढाच त्रास.

'क्लायंट'च्या जागी 'सर्व्हर' असेल तर ते कुलूप रजिस्ट्रारने नाही, थेट नोंदवहीवाल्याने लावलेलं असतं. त्याबद्दल पुढच्या उत्तरात. आणि कधी 'पेंडिंग ट्रान्सफर' दिसलं आणि मागणी तुम्ही केलेली नसेल, तर चहा बाजूला ठेवून त्याच क्षणी रजिस्ट्रारला फोन करा. हातात असतात ते जेमतेम पाच दिवस.

प्रश्न : लॉक लावलेलं असूनही नाव चोरीला जाऊ शकतं का? आमचं सगळं बुकिंग वेबसाइटवरून येतं. (होम-स्टे चालक, मालवण)

जाऊ शकतं, कारण लॉक उघडायचं बटण तुमच्याच खात्यात असतं. ज्याला तुमच्या खात्यात शिरता येतं तो लॉक काढतो, ऑथ कोड (ट्रान्सफरसाठी लागणारा गुप्त कोड) मागवतो आणि नाव घेऊन जातो. लॉक काढून कोड मिळवायला एक मिनिट पुरतं. त्याहून सोपी वाट म्हणजे नाव त्याच रजिस्ट्रारच्या दुसऱ्या खात्यात सरकवणं. याला 'पुश' म्हणतात. ट्रान्सफर लॉक पुशला अडवतंच असं नाही, कारण नियमांच्या भाषेत रजिस्ट्रार बदललेलाच नसतो. तिसरी वाट म्हणजे नाव तुमच्याकडेच ठेवून फक्त नेमसर्व्हर बदलायचे. साइट आणि मेल दोन्ही चोराच्या हाती जातात आणि ट्रान्सफर लॉक जसंच्या तसं दिसत राहतं.

२७ ऑगस्ट २०१३ ला न्यूयॉर्क टाइम्सच्या बाबतीत हेच झालं. त्यांच्या ऑस्ट्रेलियन रजिस्ट्रारच्या एका रीसेलरचा (त्याच्या वतीने नावं विकणाऱ्याचा) लॉगिन सीरियन हल्लेखोरांच्या हाती लागला, आणि त्यांनी वर्तमानपत्राचे नेमसर्व्हर बदलून टाकले. ट्विटरची नावंही त्याच रजिस्ट्रारकडे होती. ट्विटरचं मुख्य नाव हललं नाही, कारण त्यावर 'सर्व्हर' जातीचं, म्हणजे रजिस्ट्री लॉक होतं. चित्रांसाठी वापरलं जाणारं दुसरं नाव मात्र त्यांच्या तावडीत सापडलं. रजिस्ट्री लॉक काढायला खात्याच्या पॅनेलमधलं बटण चालत नाही. रजिस्ट्रारकडचा ठरलेला माणूस विनंती करतो, व्हेरिसाइन त्याला उलट फोन करून सांकेतिक वाक्य विचारते, आणि मग बदल होतो. ही सेवा सगळे रजिस्ट्रार देत नाहीत, देतात ते वेगळे पैसे घेतात. होम-स्टेला ती लागेल असं आम्हाला वाटत नाही. ज्याचा धंदा तासाभराच्या बंदीने लाखात बुडतो, त्याने मात्र चौकशी करावी.

तुमच्यासाठी खरं काम आहे ईमेलचं. रजिस्ट्रारच्या खात्याला जोडलेला पत्ता त्याच डोमेनवरचा असेल, तर आजच बदला. नेमसर्व्हर चोराच्या हाती गेले की तुमचा मेलही त्याच्याकडे जातो, आणि 'पासवर्ड विसरलात?'चं पत्र त्याला मिळतं. शिवाय नावाची मुदत संपून मेल बंद पडला, तर 'मुदत संपली' हे कळवणारं पत्रही त्याच बंद पत्त्यावर जाणार. वेगळ्या सेवेवरचा पत्ता घ्या. तो दुकानाच्या माहितीपत्रकावर छापू नका, आणि त्याला स्वतंत्र पासवर्ड ठेवा.

मग दुहेरी पडताळणी, मेलच्या खात्यालाही आणि रजिस्ट्रारच्या खात्यालाही. एसएमएसवर येणाऱ्या ओटीपीपेक्षा ऑथेंटिकेटर ॲप बरं, कारण सिमकार्डची नक्कल काढून घेणाऱ्यांना एसएमएस आयता मिळतो. ॲप सुरू करताना जे राखीव कोड मिळतात ते कागदावर लिहून कपाटात ठेवा. फोन हरवला की लोक इथेच अडकतात, मग ओळखपत्रं पाठवून आठवडाभर रजिस्ट्रारच्या मागे लागावं लागतं.

दर महिन्याला नोंद काढून चार गोष्टी वाचा : रजिस्ट्रारचं नाव, स्टेटस, नेमसर्व्हर, मुदतीची तारीख. 'साइट तर चालू आहे' यावर जाऊ नका. जानेवारी २०२१ मध्ये पर्ल या प्रोग्रॅमिंग भाषेच्या साइटचं नाव, पर्ल डॉट कॉम, चोरीला गेल्याचं उघड झालं तेव्हा तिथल्या संपादकांनी मागचा माग काढला. खात्याचा ताबा बहुधा सप्टेंबर २०२० मध्येच गेला होता, डिसेंबरमध्ये नाव दुसऱ्या रजिस्ट्रारकडे हललं होतं, पण नेमसर्व्हर जुनेच ठेवल्यामुळे साइट रोज उघडत होती. कुणाला शंका यायचं कारणच नव्हतं.

प्रश्न : वेबसाइट करणाऱ्याने डोमेन स्वतःच्या खात्यातून घेतलं. आता संबंध बिघडलेत. तो लॉक काढत नाही, कोडही देत नाही. लॉक माझ्या रक्षणासाठी असतं ना? (क्लासचालक, नाशिक)

लॉक खातेदाराचं रक्षण करतं. खातेदार तो आहे, हीच अडचण आहे. आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींत परक्या चोरापेक्षा हा घरचा प्रकारच जास्त असतो.

आधी नोंदीतला 'रजिस्ट्रंट', म्हणजे नावाचा नोंदलेला मालक, कोण आहे ते शोधा. हल्ली खासगीपणामुळे सार्वजनिक नोंदीत नाव झाकलेलं असतं, पण डोमेन घेताना आलेलं पत्र किंवा बिल सापडलं तर त्यात कळतं. रजिस्ट्रंटच्या जागी तुमचं किंवा तुमच्या संस्थेचं नाव असेल तर तुमची बाजू भक्कम आहे. आयकॅनच्या नियमाप्रमाणे रजिस्ट्रंटने मागणी केल्यावर पाच दिवसांत लॉक काढायची सोय आणि ऑथ कोड, दोन्ही मिळालंच पाहिजे. डिझायनर रीसेलर असेल तर त्याच्या डोक्यावर एक मान्यताप्राप्त रजिस्ट्रार असतो, आणि त्याचं नाव नोंदीत उघड दिसतं. ओळखपत्र, संस्थेच्या नोंदणीचा दाखला आणि बिलं जोडून थेट त्याला लिहा. पाच दिवसांत हललं नाही तर आयकॅनच्या कम्प्लायन्स विभागाकडे ऑनलाइन तक्रार करा. फी नाही. पत्रात फक्त तारखा आणि मागणी लिहा, भांडणाचा इतिहास नको.

एक लक्षात घ्या : साइट बनवण्याची बाकी राहिलेली रक्कम हे डोमेन अडवायचं कारण होऊ शकत नाही. खुद्द डोमेनचीच फी थकली असेल तर ते वेगळं.

रजिस्ट्रंटच्या जागी डिझायनरचंच नाव असेल तर रजिस्ट्रार तुमचं ऐकणार नाही, आणि त्याचं चुकतही नाही. मग उरतात तडजोड, वकिलाची नोटीस, किंवा क्लासच्या नावाचा ट्रेडमार्क असेल तर डोमेनच्या वादांसाठी असलेली लवाद प्रक्रिया. तडजोड करायची असेल तर नाव 'पुश'ने तुमच्या नव्या खात्यात आधी येऊ द्या, पैसे त्यानंतर.

प्रश्न : होस्टिंग कंपनी बदलतोय. नवी कंपनी म्हणते, डोमेन अनलॉक करून कोड द्या. द्यावा का? (छायाचित्रकार, कोल्हापूर)

नको. होस्टिंग बदलायला नेमसर्व्हर किंवा ए रेकॉर्ड (साइट कोणत्या सर्व्हरवर आहे ते सांगणारी नोंद) बदलला की झालं, लॉकला हात लावायची गरज नाही. कोड मागतायत म्हणजे डोमेनही स्वतःकडे ओढून घ्यायचा बेत आहे. ते तुम्हाला हवं असेल तर वेगळी गोष्ट.

प्रश्न : कंपनीचं नाव बदललं म्हणून डोमेनच्या नोंदीतही बदल केला. दुसऱ्या दिवशी ट्रान्सफर टाकली तर ६० दिवस थांबा म्हणतात. पॅनेलमध्ये लॉक 'ऑफ' दिसतंय! (लघुउद्योजक, चाकण)

तुम्ही काढलंत ते नेहमीचं लॉक. अडवतंय ते दुसरं, आणि त्याला तुमच्याकडे बटण नाही. १ डिसेंबर २०१६ पासूनच्या नियमाप्रमाणे रजिस्ट्रंटचं नाव, संस्था किंवा ईमेल यात ठळक बदल केला की पुढचे ६० दिवस रजिस्ट्रार बदलता येत नाही. खात्यात घुसलेला चोर आधी ईमेल बदलतो आणि मग नाव पळवतो, त्याला आडकाठी म्हणून हा नियम. नवं नाव घेतल्यावर आणि एकदा ट्रान्सफर झाल्यावरही साधारण एवढाच काळ थांबावं लागतं.

काही रजिस्ट्रार बदल करतानाच एक चौकट देतात : '६० दिवसांचं बंधन नको'. बदल पक्का व्हायच्या आधी तिथे खूण करायची असते. नंतर मागून उपयोग नाही. म्हणून क्रम उलटा ठेवायचा. आधी जुन्याच माहितीवर ट्रान्सफर, मग नव्या रजिस्ट्रारकडे नावातला बदल. तुमच्याबाबतीत आता थांबण्यावाचून उपाय नाही, फक्त मधल्या काळात मुदत संपत असेल तर जुन्याच ठिकाणी एक वर्ष भरून टाका. ते वाया जात नाही. डॉट कॉम हलवताना शिल्लक मुदत तशीच राहते आणि वर एक वर्ष वाढतं, एकूण दहा वर्षांच्या मर्यादेत.

ट्रान्सफरच्या आधी आणखी दोन गोष्टी तपासा. डीएनएस (नावावरून साइट-मेलचा पत्ता सांगणारी यंत्रणा) जुन्या रजिस्ट्रारच्याच सर्व्हरवर असेल, तर नाव गेल्यावर तो ती सेवा बंद करू शकतो आणि साइट-मेल दोन्ही गप्प होतात. सगळे रेकॉर्ड, विशेषतः मेलचे एमएक्स आणि टीएक्सटी, आधी नव्या जागी उतरवून घ्या. आणि डीएनएससेक (डीएनएसच्या उत्तरांवरची डिजिटल सही) चालू असेल तर नेमसर्व्हर बदलण्याच्या एक-दोन दिवस आधी डीएस रेकॉर्ड, म्हणजे त्या सहीची नोंदवहीतली खूण, काढा. जुना डीएस तसाच राहिला की पडताळणी करणाऱ्या सर्व्हरांना तुमचं नाव बनावट वाटतं. मग काही ग्राहकांना साइट दिसते, काहींना नाही, आणि दोष कुठे आहे ते सापडत नाही.

प्रश्न : 'डोमेनची मुदत संपतेय, एवढे डॉलर भरा' असं बिल आलं. आमच्या नेहमीच्या कंपनीचं नाव त्यावर नाही. (पुस्तक विक्रेते, पणजी)

बारीक अक्षरांतला मजकूर वाचा. बहुतेकदा ती ट्रान्सफरची 'ऑफर' असते, नाहीतर 'सर्च इंजिन नोंदणी' असली काहीतरी निरुपयोगी सेवा. लॉक असेल तर पैसे भरले तरी नाव हलत नाही, फक्त पैसे जातात. कागद फाडून टाका. मेलमधली लिंक असेल तर ती उघडू नका, रजिस्ट्रारचा पत्ता स्वतः टाइप करून आत जा.

खरी सूचना ओळखायला हे माहीत असू द्या : आयकॅनच्या नियमाने रजिस्ट्रारला मुदतीच्या साधारण एक महिना आणि एक आठवडा आधी, आणि मुदत संपल्यावर पाच दिवसांत पुन्हा कळवावं लागतं. मुदत संपलेल्या नावाला मात्र कोणतंही लॉक वाचवत नाही. डॉट कॉमला नोंदवहीच्या पातळीवर ४५ दिवसांपर्यंत सवलत असते, पण अनेक रजिस्ट्रार त्याआधीच नाव लिलावात काढतात. त्यानंतर ३० दिवस रिडेम्प्शन, ज्यात सोडवायला जबर दंड, मग पाच दिवस 'पेंडिंग डिलीट', आणि मग नाव ज्याला मिळेल त्याचं.

प्रश्न : आमच्या सहकारी बँकेने रिझर्व्ह बँकेच्या आदेशाप्रमाणे डॉट बँक डॉट इन घेतलं. जुनं डॉट कॉम आता सोडून द्यावं असं संचालकांचं मत आहे. (बँक कर्मचारी, जि. सातारा)

संचालकांना थांबवा. रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत नव्या नावावर जायला सांगितलं ते ग्राहकांची फसवणूक रोखायला. जुनं नाव सोडलं तर तीच फसवणूक करायला कुणाला तरी बँकेचा खराखुरा जुना पत्ता मिळेल. खातेदारांच्या मोबाइलमध्ये तो साठवलेला आहे, पासबुकांवर छापलेला आहे, आणि कित्येक कंपन्या अजून त्या पत्त्यावर मेल पाठवत असतील. जुन्या पत्त्यावर कुठकुठल्या सेवांचे लॉगिन आहेत ते तर कुणालाच आठवत नसतं. दहा वर्षांचे पैसे एकदम भरा, तिन्ही लॉक लावा, ऑटो-रिन्यू चालू ठेवा, आणि त्या नावावरून नव्या साइटकडे पाठवणारं एक पान ठेवा. रजिस्ट्री लॉकचा खर्च वाजवी ठरतो तो इथे.

प्रश्न : डॉट इन आणि डॉट भारत यांनाही हेच नियम आहेत का? (शिक्षक, लातूर)

लॉक तेच, कायदा वेगळा. ही दोन्ही निक्सी या भारतीय संस्थेकडे आहेत. स्टेटसच्या ओळी आणि ऑथ कोड डॉट कॉमसारखेच असतात. पण आयकॅनचं ट्रान्सफर धोरण देशांच्या नावांना लागू नाही, त्यामुळे वर सांगितलेली आयकॅनकडची तक्रार इथे चालत नाही. रजिस्ट्रारने दाद दिली नाही तर निक्सीकडे जायचं, आणि ट्रेडमार्कचा वाद असेल तर निक्सीचीच आयएनडीआरपी ही लवाद पद्धत आहे. देवनागरीतलं डॉट भारत २०१४ पासून मिळतं. त्याची नोंद काढताना मराठी अक्षरांऐवजी 'एक्सएन' आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणारं विचित्र नाव दिसलं तर दचकू नका. नोंदवहीत ते असंच लिहिलं जातं.

प्रश्न : नाव गेलं आहे. शनिवारी कळलं. काय करू? (पत्र तातडीचं म्हणून लेखकाला आधीच कळवलं होतं, इतरांसाठी उत्तर छापत आहोत.)

चोर शनिवारच निवडतात. १५ जानेवारी २००५ ला न्यूयॉर्कच्या पॅनिक्स या जुन्या इंटरनेट कंपनीचं नाव असंच जोडसुट्टीत ऑस्ट्रेलियातल्या रजिस्ट्रारकडे हललं, आणि त्या शनिवार-रविवारी उचलायला तिकडे कुणी नव्हतं. अशाच अनुभवांवरून पुढे आयकॅनने प्रत्येक रजिस्ट्रारला आणीबाणीचा संपर्क ठेवणं सक्तीचं केलं. त्याला टीईएसी (ट्रान्सफर इमर्जन्सी ॲक्शन कॉन्टॅक्ट) म्हणतात. त्यावर चार तासांत माणसाचं उत्तर यावं लागतं. हा संपर्क तुम्हाला वापरता येत नाही, तुमच्या जुन्या रजिस्ट्रारला येतो. म्हणून पहिला फोन त्याला, आणि नेमके शब्द असे : 'अनधिकृत ट्रान्सफर झाली आहे, नव्या रजिस्ट्रारच्या टीईएसीशी संपर्क करा.' चॅटच्या खिडकीत बसलेल्या पहिल्या माणसाला हा शब्द माहीत नसेल, तर वरिष्ठाकडे द्यायला सांगा. तिकीट क्रमांक लिहून घ्या.

फोन चालू असतानाच दुसऱ्याने मेल खात्याचा पासवर्ड बदलावा, सर्व उपकरणांवरून लॉगआउट करावं, आणि फॉरवर्डिंगचे नियम बघावेत. चोराने 'रजिस्ट्रारकडून आलेलं पत्र थेट कचऱ्यात' असा नियम लावून ठेवलेला असतो, म्हणूनच ट्रान्सफरची सूचना तुम्हाला दिसलेली नसते.

पुरावे एका फोल्डरमध्ये : पहिल्या वर्षापासूनची बिलं, बँकेच्या नोंदी, ओळखपत्र, जुन्या नोंदीचा स्क्रीनशॉट असेल तर तो, आणि आजच्या नोंदीचा स्क्रीनशॉट. नव्या रजिस्ट्रारच्या गैरवापर विभागालाही हेच पाठवा आणि निकाल लागेपर्यंत नाव गोठवायला सांगा. तिथून ते तिसरीकडे हललं तर प्रकरण दुप्पट किचकट होतं. पोलिसांकडे द्यायची तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर करा. ग्राहकांचे पैसे गेले असतील तर १९३० वर फोन करा. दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६सी खाली येतं, आणि परदेशी रजिस्ट्रारसमोर तक्रारीची प्रत वजनदार ठरते. दोन्ही रजिस्ट्रारचं जमलं नाही तर ट्रान्सफर झाल्यापासून बारा महिन्यांच्या आत लवादाकडे जाता येतं, पण तो अर्जही तुमच्या रजिस्ट्रारनेच करायचा असतो.

चोराला पैसे देऊन नाव परत घ्यायचा मोह होईल. बोलणी चालू आहेत म्हणून वर दिलेलं एकही पाऊल थांबवू नका.

नाव परत आलं की आधी नेमसर्व्हर, मग एमएक्स, मग लॉक. त्यानंतर त्या काळात तुमच्या नावाने निघालेली एसएसएल प्रमाणपत्रं (साइट खरी असल्याचे ब्राउझरला दाखवायचे दाखले) शोधा. जवळजवळ प्रत्येक प्रमाणपत्राची सार्वजनिक नोंद होते आणि ती फुकट बघता येते. डोमेन ताब्यात असताना चोराने काढलेलं प्रमाणपत्र नाव परत आल्यावरही मुदत संपेपर्यंत चालतं, म्हणून ज्या संस्थेने ते दिलं तिला लिहून ते रद्द करून घ्या.